सात की साठ? गाडीतून फोनवर बोलण्यासाठी स्टिरिओ निवडताना

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, द्राक्षाचा हंगाम ऐन भरात. मी वणीच्या रस्त्याला होते. गाडीतल्या स्टिरिओवरूनच गोदामात फोन लावला आणि आमच्या भाऊंना सांगितलं, "दिंडोरीच्या बागेवर सात बंडल टाका." पलीकडून "बरं ताई" आलं आणि फोन ठेवला. दोन तासांनी बागायतदाराचा फोन. "ताई, उद्या उरलासुरला माल काढायचाय फक्त. एवढ्या पेट्यांचं काय करू, घर बांधू?" टेम्पोत साठ बंडल चढले होते. एका बंडलात पंचवीस पेट्या, म्हणजे पावणेदोनशेच्या जागी दीड हजार. टेम्पो परत आणायचं भाडं माझ्या खिशातून गेलं. भाऊंवर ओरडायला तोंड उघडलं, पण ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही गाडीतून बोलता ना, तेव्हा निम्मं मी अंदाजानंच लिहितो."

त्या संध्याकाळी मुलाला गाडी घेऊन आडगाव नाक्याच्या पुढे पाठवलं आणि तिथून मला फोन करायला सांगितलं. मी गोदामात फोन कानाला लावून उभी. पोरगा विहिरीच्या तळाशी बसून पंख्याशी बोलतोय असं वाटत होतं. मला मात्र वर्षभर गाडीत सगळ्यांचा आवाज खणखणीत ऐकू येत होता, म्हणून मी स्टिरिओवर खूश होते. फोनचा स्टिरिओ घेताना सगळे हीच चूक करतात. दुकानात आपण आपल्याला काय ऐकू येतं ते बघतो. पलीकडच्याला काय ऐकू जातं, हे बघायला पलीकडे कुणी उभंच नसतं.

माझा धंदा द्राक्षाच्या पेट्या आणि पॅकिंगच्या सामानाचा. नाशिकच्या अंबडहून माल उचलायचा, आडगावच्या गोदामात ठेवायचा, आणि दिंडोरी, निफाड, पिंपळगावला पोचवायचा. डिसेंबर ते एप्रिल दिवसाला पन्नास-साठ फोन होतात, त्यातले निम्मे गाडीत. गाडी २०१२ ची डिझेल डिझायर, सेकंडहँड घेतलेली. तिच्यात मी आतापर्यंत दोन स्टिरिओ बसवले, एक फसला आणि एक टिकला. त्या दोघांमधून जे कळलं ते इथे लिहिते.

आधी एक गोष्ट उरकून टाकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरणं धोकादायक वाहनचालनात येतं. पहिल्या वेळी दंड १००० ते ५००० रुपये, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. स्टिरिओमुळे हात मोकळे होतात, डोकं मोकळं होत नाही. कसाऱ्याच्या घाटात मी फोन उचलतच नाही, भावाची घासाघीस असेल तर गाडी बाजूला घेते. "गाडीत आहे, दहा मिनिटांत करते" एवढं सांगायलाही चांगला माइक लागतोच.

आता गाडीकडे वळू. डॅशबोर्डमधली स्टिरिओची जागा दोन मापांत येते. सिंगल डिन म्हणजे साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच, डबल डिन म्हणजे तेवढाच रुंद पण १०० उंच. जुन्या टेपची खाच सिंगल, हल्लीच्या स्क्रीनची डबल. काही गाड्यांत कंपनीचा स्टिरिओ डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेला असतो, माझ्या डिझायरसारखा. तो काढला की वेडावाकडा खड्डा उरतो, आणि मग त्या मॉडेलची फ्रेम घ्यावी लागते. फ्रेम स्वस्तातली घेतली तर खड्ड्यांतून गाडी गेली की कुरकुरते, आणि ती कुरकुर माइकमध्ये जाते. दुकानात जाताना डॅशबोर्डचा फोटो, गाडीचं मॉडेल आणि वर्ष घेऊन जा. स्टिअरिंगवर आवाजाची बटणं असतील तर तीही दाखवा आणि "ही चालू राहतील का, त्यासाठी वेगळी वायर किंवा डबी लागेल का" हे पैसे देण्याआधी विचारा. फिटिंग झाल्यावर विचारलं की उत्तर नेहमी "मॅडम, त्याचे वेगळे" असंच येतं.

आणि माइक. सगळी मेख इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

माझ्या पहिल्या स्टिरिओचा माइक त्याच्याच तोंडावर होता, बटणांच्या शेजारी टाचणीच्या टोकाएवढं भोक. दिसायला छान, वायर नाही, काही नाही. पण स्टिरिओ कुठे असतो? गिअरच्या वर, एसीच्या जाळ्यांच्या खाली, माझ्या तोंडापासून पाऊण मीटरवर. मी समोर रस्त्याकडे बघून बोलणार, म्हणजे माझा आवाज काचेकडे जाणार. त्या भोकाला सगळ्यात जवळचं काय, तर एसीचा झोत आणि डॅशबोर्डची थरथर. डिझेल इंजिनाची गुरगुर तर फुकटात. साधा हिशेब असा, की तोंड आणि माइकमधलं अंतर निम्मं केलं की माइकपाशी आवाजाचा दाब जवळपास दुप्पट होतो, म्हणजे साधारण ६ डेसिबलचा फरक. टायरचा आणि वाऱ्याचा आवाज मात्र गाडीभर पसरलेला असतो, तो होता तेवढाच राहतो. म्हणजे माइक जवळ आणला की आपलाच आवाज उठून येतो. हे काम कुठल्याही महागड्या मशीनपेक्षा दोन मीटरची वायर चांगलं करते.

म्हणून पहिली अट: स्टिरिओला बाहेरचा माइक जोडता आला पाहिजे. डब्यात वायरवाला छोटा माइक येतो का ते बघा. आत माइक असला तरी मागच्या बाजूला बाहेरच्या माइकचं भोक आहे का, तेही बघा. ते भोक कधी ३.५ मिलिमीटरचं असतं, कधी २.५ चं. हे टिपून ठेवा. पुढे वायर तुटली, उंदराने कुरतडली (गोदामाशेजारी गाडी लावणाऱ्यांना हे सांगायला नको), तर बाजारात त्याच मापाचा माइक मागता येतो.

तो बसवायचा कुठे? फिटरचा पहिला सल्ला असतो "स्टिरिओच्या वर चिकटवतो ना", कारण त्यात त्याची पाच मिनिटं वाचतात. ऐकू नका. माझा माइक ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेच्या खांबावर, छताला टेकतो तिथे आहे. तोंडापासून वीतभर, दीड वीत. वायर खांबाच्या प्लास्टिकमागून खाली नेली आहे. नव्या गाड्यांत त्या खांबात पडद्याची एअरबॅग असते, तशी असेल तर वायर एअरबॅगच्या आडून जाता कामा नये, आणि हे काम कंपनीच्या गाड्या उघडायची सवय असलेल्यालाच द्यावं. दुसरी जागा म्हणजे ऊन अडवायच्या पट्टीच्या बिजागरीजवळ. तिसरी, स्टिअरिंगच्या मागचं आवरण, पण तिथे बोलताना हात आडवा येतो. कुठेही लावा, एसीची हवा थेट त्यावर येत नाही ना ते हाताचा तळवा धरून बघा. माइकवर स्पंजची टोपी असते, ती फेकू नका. माझी एकदा गळून पडली तर भाऊ म्हणाले, "ताई, वादळात आहात का?" बाहेर पान हलत नव्हतं, मी फक्त एसी तीनवर केला होता.

माइकनंतरचा भाग डब्यावर छापलेला असतो, पण लोक चुकीचा आकडा वाचतात. "ब्लूटूथ ५" बघून खूश होतात. तो आकडा जोडणीच्या तंत्राचा, फोनवरचा आवाज कसा जाईल हे त्यातून कळत नाही. ते ठरवणाऱ्या भागाचं नाव एचएफपी, म्हणजे हँड्स फ्री प्रोफाइल. त्याची १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी आणि जोडीला "वाइडबँड" किंवा "एचडी व्हॉइस" असा उल्लेख हवा. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असतं. कारण असं: जुन्या पद्धतीत ब्लूटूथवरून आवाज सेकंदाला ८००० नमुन्यांनी जातो, त्यामुळे ४००० हर्ट्‌झच्या वरचं सगळं कापलं जातं. एमएसबीसी नावाच्या नव्या पद्धतीत १६००० नमुने असतात, म्हणजे आवाजाचा पल्ला दुप्पट. स, श, फ, ठ यांची जी हवा असते, दातांमधून निसटते ती, तिचा बराच भाग त्या वरच्या अर्ध्यात असतो. स्वर खालच्या अर्ध्यात बसतात. म्हणून जुन्या पद्धतीत "सा" मधला "आ" व्यवस्थित जातो आणि पुढचा "त" की "ठ" ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. माझे साठ बंडल तिथेच चढले. आपल्या फोनवर फोरजीचा एचडी कॉल स्वच्छ असला तरी मधला ब्लूटूथचा पाइप अरुंद असेल तर सगळं त्याच मापाचं होतं. पाण्याची टाकी कितीही मोठी असो, नळ अर्ध्या इंचाचा.

आता उलटी तक्रार: समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. आपल्या दारातल्या स्पीकरमधून त्याचा आवाज निघतो, माइक तो उचलतो आणि त्याला परत पाठवतो. प्रत्येक बऱ्या स्टिरिओत हा प्रतिध्वनी पुसायची सोय असते, पण आपण आवाज पूर्ण वाढवला की तीही हात टेकते. फोनचा आवाज गाण्यापेक्षा वेगळा ठेवता येतो का बघा. बहुतेकांत कॉल चालू असताना गोल बटण फिरवलं की फक्त कॉलचाच आवाज बदलतो आणि तो लक्षात राहतो. माइकचा जोर कमीजास्त करायची सेटिंग असेल तर उत्तम. ती मध्यावर ठेवा. सगळे ती टोकाला नेतात आणि मग आवाज फाटतो.

दोन फोनवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. धंद्याचा एक, घरचा एक, असे दोन्ही एकाच वेळी जोडलेले राहतात का, हे दुकानात दोन्ही फोन काढून करून बघा. "पाच फोन सेव्ह होतात" आणि "दोन फोन एकदम चालतात" या वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानदार पहिली सांगून दुसरी विकतो. एकावर गाणं लावा, दुसऱ्यावर कुणाकडून तरी फोन करवा. गाणं थांबून घंटी वाजली पाहिजे. व्हॉट्सअॅपचा कॉलही करून पाहा. आमचे अर्धे बागायतदार साधा फोन करतच नाहीत.

आणि कॉल स्टिरिओवरून परत हातातल्या फोनवर घ्यायचं बटण एका दाबात सापडलं पाहिजे. पिंपळगावचे एक जुने गिऱ्हाईक शेजारी बसलेले असताना दुसऱ्याचा फोन आला आणि तो पहिलंच वाक्य बोलला, "ताई, मागच्या वेळच्याच भावाने द्या बरं का, एकतीस रुपये." शेजारच्यांना मी तेहतीसने देत होते. माझा फोन पर्समध्ये, स्क्रीनवर ते बटण दुसऱ्या पानावर. ओझर येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. त्यांनाही एकतीस लावावे लागले.

तुमच्या फोनमध्ये नावं मराठीत असतील तर हे दुकानातच तपासा. स्टिरिओ फोनमधली नावं ओढून घेतो खरा, पण स्वस्तातल्या, छोट्या पट्टीच्या डिस्प्लेवाल्या कितीतरी मशीनना देवनागरी येत नाही. "काका मोहाडी" च्या जागी ओळीने रिकाम्या चौकटी दिसतात. काहींत "का" आणि मात्रा वेगवेगळ्या बसतात. मी पहिल्या वर्षी सगळ्या नावांवर इंग्रजी स्पेलिंग करत बसले होते, दुसरा स्टिरिओ घेताना दुकानदाराला म्हटलं, आधी माझा फोन जोड, मग बोलू. जोडताना फोन विचारतो, नावं आणि कॉलची यादी द्यायची का. तिथे हो म्हणा, नाहीतर नुसते नंबर दिसतील आणि वाटेल मशीनच खराब.

स्क्रीन हवी का? हवी असेल तर घ्या, रिव्हर्सच्या कॅमेऱ्याला बरी पडते. पण आवाजाचं गोल फिरणारं बटण असलेलं मशीनच घ्या. मार्चमध्ये दुपारी तीनला पिंपळगावच्या टोलनाक्यावर सूर्य बरोबर स्क्रीनवर येतो आणि हिरवं कुठे, लाल कुठे काही दिसत नाही. गोल बटण न बघता हाताला लागतं. एक गोष्ट मला उशिरा कळली: अँड्रॉइड ऑटो (फोनमधली अॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) वायरने जोडलं तरी फोनवरचं बोलणं ब्लूटूथवरूनच जातं. म्हणजे मोठी स्क्रीन घेतली म्हणून माइकचं आणि एचएफपीचं दुखणं चुकत नाही. आयफोनच्या कारप्लेचं तसं नाही, तिथे बोलणंही कारप्लेमधूनच जातं, पण माइक तोच.

वॅटवर वेळ घालवू नका. डब्यावर ५० गुणिले ४ असतं, तो क्षणभराचा कमाल आकडा. सलग देता येणारी ताकद प्रत्येक स्पीकरला वीस वॅटच्या आसपास. बोलायला त्याच्या दशांशही लागत नाही.

आता परीक्षा. दुकानातल्या फळीवर दहा स्टिरिओ टांगलेले असतात आणि मागे गाणी चालू, तिथे कॉलची परीक्षा होत नाही. ज्याच्या गाडीत ते मॉडेल आहे असा माणूस शोधा, किंवा दुकानदाराशी आधीच ठरवा की फिटिंग झाल्यावर एक फेरी मारून मगच बाकीचे पैसे. मी मुंबई नाक्याकडून उड्डाणपुलावर चढते आणि के. के. वाघ कॉलेजपाशी उतरते. काचा बंद, एसी तीनवर, वेग साठ. पलीकडे फोनवर असा माणूस बसवा ज्याला काय बोलणार हे माहीत नाही, आणि त्याच्या हातात कागद द्या. मग साध्या आवाजात, न ओरडता हे आकडे म्हणा:

सात, साठ, सतरा, सत्तर, सदतीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट, सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव.

आपल्या भाषेने ही परीक्षा आयतीच तयार करून ठेवली आहे. "हॅलो, ऐकू येतंय का" ला सगळे हो म्हणतात. सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर कागदावर वेगळे उतरले तर खरं. माझ्या पहिल्या स्टिरिओने दहातले चार बरोबर दिले, दुसऱ्याने नऊ. मग पुलाखाली द्वारकेच्या सिग्नलला, हॉर्नच्या गर्दीत, तेच आकडे उलट्या क्रमाने. काच अर्धी उघडून एकदा. दहातले आठ आले तरी मी पास करते. तीन-चार आले तर आधी माइकची जागा बदलून बघा, मग मशीनला दोष द्या. दुसरा स्टिरिओ मला फ्रेम आणि फिटिंगसकट साडेसात हजारांना पडला. सिंगल डिनचा आहे, स्क्रीन नाही, खाली उरलेल्या खोक्यात मी पावतीपुस्तक ठेवते.

फिटिंगच्या वेळी तिथे उभं राहा, चहाला जाऊ नका. गाडीच्या वायरी कापू देऊ नका. तुमच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे गाडीच्या मूळ प्लगमध्ये बसणारा जोड, मिळतो, त्याने मूळ वायरिंग शाबूत राहतं आणि नव्या गाडीची वॉरंटी अडचणीत यायची भीतीही कमी होते. स्टिरिओच्या बाजूच्या वायरींत पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा पुरवठा, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी म्हणजे अर्थिंग. पण गाडीच्या बाजूचे रंग वेगळे असतात, म्हणून फिटरने मीटर लावून बघायला हवं, नुसता रंगाला रंग जोडून चालत नाही. पिवळी आणि लाल उलटी लागली की मजा होते: चावी काढली की स्टिरिओ सगळं विसरतो, रोज सकाळी फोन नव्याने जोडा. दोन्ही कायमच्या पुरवठ्यावर लागल्या तर गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसू शकते. नुसता पिळा मारून टेप गुंडाळला असेल तर एप्रिलच्या उन्हात डिंक वितळून टेप सुटतो. डाख देऊन वर आकसणारी नळी चढवायला सांगा. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर मशीनचा नंबर लिहून.

निघायच्या आधी शेवटची तपासणी: गाडी बंद करा, दार उघडून खाली उतरा, पुन्हा बसून चावी फिरवा. फोन आपसूक जोडला गेला पाहिजे, अर्ध्या मिनिटाच्या आत. चालू कॉलमध्ये गाडी सुरू केली तर बोलणं स्टिरिओवर जातं, आणि त्या दोन सेकंदांत समोरच्याचं वाक्य तुटतं. नेमका आकडा त्यातच जातो. म्हणून मी आता गाडीत बसून चावी फिरवते, स्टिरिओ जोडला गेला की मग फोन लावते.

भाऊंचा मात्र अजून विश्वास बसलेला नाही. परवा मी उड्डाणपुलावरून सांगितलं, सात बंडल, आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "सहा आणि एक ना, ताई?"